अक्षराचा भाव : पतमानांकनाचे नियम आणि कंपनी रोख्यांची किंमत

जुन्या काळी पेढीवर हुंडी वटवायला आली की सराफ आधी तिच्यावरील रक्कम पाहत नसे. हुंडी कोणाच्या नावाची आहे, हे पाहत असे. नाव खणखणीत असेल तर बट्टा कमी, नाव नवखे असेल तर बट्टा अधिक. त्या बट्ट्यात सराफाचा अनुभव, बाजारातील कुजबुज आणि त्या घराण्याचा पूर्वेतिहास हे सारे सामावलेले असे. ‘पत’ या शब्दाला आपल्या भाषेत जो दुहेरी अर्थ आहे, प्रतिष्ठेचा आणि उधारीचा, तो याच व्यवहारातून आला असावा.

आज कंपन्यांचे कर्जरोखे विकत घेणारा बहुतांश पैसा सराफाचा नाही. तो कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीचा आहे, आयुर्विम्याच्या हप्त्यांचा आहे, निवृत्तिवेतन निधींचा आहे, बँकांतील ठेवीदारांचा आहे. दुसऱ्यांचा पैसा सांभाळणाऱ्या या संस्थांना केवळ नाव पाहून निर्णय घेण्याची मोकळीक नसते. त्यांच्यासाठी नियमांत एक खूण ठरवून दिलेली असते आणि ती खूण म्हणजे पतमानांकन संस्थेने रोख्याला दिलेले अक्षर : एएए, एए, ए, बीबीबी आणि पुढे. कंपनी पैसे परत करील की नाही, या प्रश्नाचे उत्तर म्हणून हे अक्षर जन्माला आले. परंतु नियमांनी त्याला दुसरेच काम दिले. हा रोखा कोणाला बाळगता येईल आणि कोणाला नाही, हे आता ते अक्षर ठरवते. रोख्याच्या किमतीत या दोन्ही गोष्टी मिसळलेल्या असतात आणि त्या वेगळ्या करून पाहिल्याखेरीज बाजारातील अनेक चढउतारांचा उलगडा होत नाही.

किंमत आणि परतावा

रोख्यांचे मूलभूत गणित बहुतेक वाचकांना परिचित असेल. तरी एक उदाहरण समोर ठेवणे सोयीचे होईल. १,००० रुपये दर्शनी मूल्याचा, वार्षिक ८ टक्के व्याज देणारा आणि मुदतपूर्तीस पाच वर्षे शिल्लक असलेला एखादा रोखा आहे असे समजू. बाजार अशा रोख्यावर ८ टक्केच परतावा मागत असेल तर त्याची किंमत १,००० रुपये राहील. मागणी ९ टक्क्यांची झाली की किंमत सुमारे ९६१ रुपयांवर येते, १० टक्क्यांना ९२४ आणि १२ टक्क्यांना ८५६. कंपनीने एकही हप्ता चुकवलेला नसतो, व्याज वेळच्या वेळी जमा होत असते; तरीही धारकाच्या खात्यात तोटा दिसू लागतो. सरकारी रोख्यापेक्षा कंपनीच्या रोख्यावर जो अधिक परतावा मागितला जातो त्या फरकाची रुंदी मुख्यतः मानांकनाच्या अक्षरावर ठरते.

भारतात हे अक्षर देण्याचे काम १९८७ साली स्थापन झालेल्या क्रिसिलने प्रथम सुरू केले. १९९१ मध्ये इक्रा आणि १९९३ मध्ये केअर या संस्था आल्या. नंतर आणखी काहींची भर पडली. सेबीने १९९९ मध्ये या संस्थांसाठी स्वतंत्र विनियम केले आणि २०११ मध्ये सर्वांची चिन्हे व त्यांचे अर्थ एकसारखे केले. बीबीबी उणेपर्यंतची श्रेणी ‘गुंतवणूकयोग्य’, त्याखालची सट्ट्याच्या स्वरूपाची, आणि तळाशी ‘डी’, म्हणजे थकबाकीदार. या शेवटच्या अक्षराबाबत भारतीय नियम विलक्षण कडक आहे. रोख्यावरील देणे एक दिवस उशिरा पोहोचले किंवा एक रुपयाने कमी पडले, तरी मानांकन ‘डी’ होते. २०२० मध्ये महासाथीच्या काळात हप्ते लांबणीवर टाकण्याची मुभा मिळाली, तेव्हा या कडकपणाला सेबीला तात्पुरती सूट द्यावी लागली होती.

अक्षराचे दार झाले

मानांकन हे मुळात मत आहे. त्यात हमी नाही. अमेरिकेत जॉन मूडी यांनी १९०९ साली रेल्वे कंपन्यांच्या रोख्यांना श्रेणी देणारे पुस्तक प्रसिद्ध केले तेव्हा ते विकत घेऊन वाचणाऱ्यासाठी एक सल्ला होते. १९३६ मध्ये तेथील बँक नियामकाने सट्ट्याच्या श्रेणीतील रोखे बँकांनी बाळगू नयेत असा दंडक घातला आणि सल्ल्याचा नियम झाला. १९७५ मध्ये तेथील भांडवल बाजार नियामकाने ठरावीक संस्थांना अधिकृत मान्यता देऊन हे नाते पक्के केले. पुढे २००८ च्या आर्थिक संकटात उच्च श्रेणीच्या कागदांची झालेली राखरांगोळी पाहून २०१० च्या कायद्याने मानांकनाचे उल्लेख नियमांतून काढून टाकण्यास तेथील नियामकांना सांगितले. भारतात मात्र अक्षर आणि नियम यांची सांगड कायम आहे, आणि तिच्यासाठी सबळ कारणेही आहेत. हजारो लहानमोठ्या न्यासांच्या विश्वस्तांकडून प्रत्येक कंपनीचा ताळेबंद उलगडून पाहण्याची अपेक्षा कशी करावी?

आता ही दारे कोठे कोठे आहेत ते पाहू. भविष्य निर्वाह निधींच्या गुंतवणुकीचा जो आकृतिबंध २०१५ मध्ये अधिसूचित झाला त्यात कंपनी रोख्यांसाठी किमान एए श्रेणी, आणि तीही दोन संस्थांकडून मिळालेली, अशी अट होती. विमा कंपन्यांसाठी एए ही ‘मान्य गुंतवणुकी’ची पायरी, त्याखालचा रोखा ‘इतर’ या मर्यादित कप्प्यात जातो. बँकांना गुंतवणूकयोग्य श्रेणीखालचे किंवा मानांकनच नसलेले कंपनी रोखे घेण्यास रिझर्व्ह बँकेने २००३ च्या मार्गदर्शक सूचनांनी अटकाव केला. म्युच्युअल फंडांच्या बाबतीत तर सेबीने २०१७ मध्ये योजनांची नावेच श्रेणीनुसार बांधून दिली : ‘कॉर्पोरेट बाँड फंड’ म्हणवून घ्यायचे असेल तर किमान ८० टक्के गुंतवणूक एए अधिक आणि त्यावरील रोख्यांत हवी; ‘क्रेडिट रिस्क फंडा’त किमान ६५ टक्के एए आणि त्याखालील रोख्यांत.

या सर्व दारांची उंची जवळपास एकच आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. एए या उंबरठ्याच्या वर देशातील दीर्घ मुदतीचा बहुतांश पैसा उभा आहे. उंबरठ्याच्या खाली बँका आहेत, काही फंड आहेत, श्रीमंत व्यक्ती आहेत. पण विम्याची आणि भविष्य निर्वाह निधीची मोठी गंगाजळी नाही. म्हणून एए उणेवरून ए अधिकवर घसरणारी कंपनी वास्तवात एकच पायरी उतरते. बाजारात मात्र ती एका मजल्यावरून खालच्या मजल्यावर येते.

भांडवलाचा भार

बँकांच्या बाबतीत अक्षराचा परिणाम आणखी एका मार्गाने होतो. बासेल-२ या आंतरराष्ट्रीय आराखड्यानुसार रिझर्व्ह बँकेने जे नियम काढले, आणि जे २००८ व २००९ या दोन टप्प्यांत लागू झाले, त्यांत उद्योगांना दिलेल्या कर्जाचा जोखीम भार मानांकनावर बेतला होता : एएए साठी २० टक्के, एए साठी ३०, ए साठी ५०, बीबीबी साठी १०० आणि बीबी व त्याखाली १५० टक्के. किमान ९ टक्के भांडवल पर्याप्तता धरली, तर १०० कोटी रुपयांच्या कर्जामागे बँकेला एएए कंपनीसाठी १.८० कोटी रुपयांचे भांडवल बाजूला ठेवावे लागे. एए साठी २.७० कोटी, ए साठी ४.५० कोटी, बीबीबी साठी ९ कोटी आणि बीबी साठी १३.५० कोटी. खरेदी-विक्रीसाठी ठेवलेल्या रोख्यांचा हिशेब वेगळ्या रीतीने होतो. तथापि तेथेही भार ठरतो तो अक्षरावरूनच.

या भाराची किंमत किती पडते? समजा, बँकेचे भागधारक भांडवलावर १४ टक्के परताव्याची अपेक्षा करतात आणि ठेवींवर बँकेला सरासरी ६ टक्के द्यावे लागतात. मग ठेवीऐवजी भांडवल वापरण्याचा जादा खर्च ८ टक्के झाला. एए वरून ए वर येणाऱ्या १०० कोटींच्या कर्जामागे १.८० कोटी भांडवल वाढते. त्यावर वर्षाला १४.४० लाख रुपये, म्हणजे मूळ कर्जाच्या जेमतेम ०.१४ टक्का. ए वरून बीबीबी वर येताना ही वाढ ०.३६ टक्क्याची. बाजारात एए आणि ए यांच्या परताव्यांतील अंतर मात्र सर्वसाधारणपणे एक टक्क्याहून अधिक असते. उरलेले अंतर कशाचे? काही अंशी थकबाकीच्या खऱ्या जोखमीचे, यात शंका नाही. परंतु त्यातील मोठा वाटा ग्राहकच कमी असण्याचा आहे. ज्या मालाला गिऱ्हाईक मोजकेच, त्याचा भाव गिऱ्हाईकच ठरवते. ही गोष्ट मंडईतल्या भाजीवाल्याला कोणी शिकवावी लागत नाही.

वरील भारांच्या कोष्टकात एक गंमतही दडलेली होती. मानांकन नसलेल्या उद्योगासाठी भार होता १०० टक्के आणि बीबी साठी १५०. म्हणजे आजार मोजून घेणाऱ्यापेक्षा थर्मामीटरच न लावणारा अधिक निरोगी ठरे! साहजिकच मानांकन घसरण्याची चिन्हे दिसताच ते सोडूनच देण्याचा मोह काही कर्जदारांना होई. रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये ही पळवाट अरुंद केली. आधी मानांकन असलेल्या आणि नंतर ते सोडून दिलेल्या १०० कोटींवरील कर्जांवर, तसेच २०० कोटींवरील मानांकनरहित कर्जांवर १५० टक्के भार लावण्यात आला.

रोख्यांचे मूल्यांकन करण्याची पद्धतही अक्षराला भावाशी जखडून टाकते. आपल्याकडे बहुतेक कंपनी रोखे एकदा विकले गेले की मुदतपूर्तीपर्यंत तिजोरीत पडून राहतात. रोजचा सौदाच नाही, तर रोजचा भाव कोठून आणायचा? यासाठी बँकांत वर्षानुवर्षे चालत आलेली रीत अशी, की समान मुदतीच्या सरकारी रोख्याचा परतावा घ्यायचा आणि त्यात त्या श्रेणीसाठी फिम्डा या रोखेबाजारातील संघटनेने प्रसिद्ध केलेला फरक मिळवायचा. अर्थात, अक्षर बदलले की एकही सौदा न होता पुस्तकातील भाव बदलतो.

कंपनी तीच, अक्षर नवे

नियमाचा परिणाम जोखमीपासून वेगळा काढून दाखवणे सोपे नसते, कारण मानांकन घसरते तेव्हा बहुधा कंपनीची स्थितीही घसरलेली असते. पण २००५ साली अमेरिकेत एक अशी घटना घडली की जणू प्रयोगशाळेतच मांडलेला प्रयोग असावा. तेथील लेहमन ब्रदर्स ही संस्था रोख्यांचे निर्देशांक तयार करी आणि असंख्य फंड त्यांनुसार गुंतवणूक करत. निर्देशांकात रोखा गुंतवणूकयोग्य धरायचा की नाही, हे तोवर मूडीज आणि स्टँडर्ड अँड पुअर्स यांच्यापैकी कमी असलेल्या मानांकनावरून ठरे. जानेवारी २००५ मध्ये लेहमनने जाहीर केले, की १ जुलैपासून फिच या तिसऱ्या संस्थेचेही मानांकन धरले जाईल आणि तिघांतील मधले प्रमाण मानले जाईल.

या एका घोषणेने काही रोखे उंबरठ्याच्या खालून वर आले. त्या कंपन्यांची विक्री वाढली नव्हती, कर्ज फिटले नव्हते, कोणत्याही संस्थेने त्यांचे मानांकनही बदलले नव्हते. आपल्याकडे म्हणतात तसे ‘पी हळद आणि हो गोरी’. तरीही अभ्यासकांना आढळले, की या रोख्यांवर बाजार मागत असलेला परतावा घटला, म्हणजेच त्यांची किंमत चढली. बदलले होते ते फक्त गिऱ्हाईक.

घसरणीचा कडा

चढताना जे होते त्याच्या उलट उतरताना होते, आणि अधिक वेगाने होते. खासगी वितरणाने विकल्या जाणाऱ्या भारतीय रोख्यांच्या करारांत बहुधा असे कलम असते, की मानांकन एक पायरी घसरल्यास व्याज पाव टक्क्याने वाढेल आणि ठरावीक श्रेणीखाली गेल्यास धारकाला मुदतीपूर्वी पैसे परत मागता येतील. धारकाच्या रक्षणासाठी केलेली ही तरतूद कंपनीच्या दृष्टीने नेमकी अवेळी अंगावर येते : पैशाची चणचण म्हणून मानांकन घसरते, आणि मानांकन घसरले म्हणून देणेकरी दारात उभे राहतात. ज्यांना नियमाने तो रोखा बाळगता येत नाही किंवा नव्याने घेता येत नाही ते विक्रीला निघतात. त्या दिवशी घेणाऱ्यांची रांग नसते.

व्होडाफोन आयडिया या दूरसंचार कंपनीच्या रोख्यांची कथा या दृष्टीने बोलकी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या थकीत शुल्काविषयीच्या निर्णयानंतर जानेवारी २०२० मध्ये फ्रँकलिन टेम्पल्टनच्या योजनांनी या कंपनीच्या रोख्यांचे मूल्य शून्य धरले. पाठोपाठ मानांकन गुंतवणूकयोग्य श्रेणीखाली गेले आणि नियमांनी दिलेल्या मुभेनुसार ते रोखे मूळ योजनेतून वेगळे काढण्यात आले. जुलै २०२० मध्ये मुदत भरली तेव्हा कंपनीने पैसे चुकते केले. शून्य भाव धरण्यात गैर काही होते असे म्हणता येत नाही. त्या क्षणी त्या कागदाला विचारणारा कोणी नव्हता. पण विचारणारा नसणे आणि पैसे बुडणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

त्याच वर्षी २३ एप्रिलला याच फंडघराण्याने आपल्या सहा रोखे योजना बंद केल्या. एए आणि ए श्रेणीतील रोखे घेऊन अधिक परतावा मिळवणे, हे या योजनांचे वैशिष्ट्य होते. टाळेबंदीत गुंतवणूकदार पैसे काढू लागले आणि त्या श्रेणीतील कागद विकता विकेना. सुमारे २५ हजार कोटी रुपये अडकून पडले; निवृत्तीनंतरच्या खर्चासाठी त्यांत पैसे ठेवणाऱ्यांचे हाल झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, विक्रीचे काम एसबीआय म्युच्युअल फंडाच्या व्यवस्थापनाकडे सोपवण्यात आले आणि टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या दिवशीच्या मालमत्तेहूनही अधिक रक्कम गुंतवणूकदारांच्या हाती पडली. पैसा बुडाला नव्हता, पण हवा तेव्हा मिळालाही नाही. उंबरठ्याखालच्या रोख्यांवर जो वाढीव परतावा मिळतो त्यात या वाट पाहण्याचेही मोल असते, हे त्या वर्षी पुष्कळांना प्रथमच उमगले.

२०१८ : दार उघडता उघडता

तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी १ फेब्रुवारी २०१८ च्या अर्थसंकल्पीय भाषणात या विषयाला थेट हात घातला होता. बहुतेक नियामक एए श्रेणीच्या रोख्यांतच गुंतवणुकीस परवानगी देतात; आता ए श्रेणीपर्यंत येण्याची वेळ झाली आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. उद्योगांना, विशेषतः पायाभूत क्षेत्राला, दीर्घ मुदतीचा पैसा बँकांबाहेरून मिळावा, हा त्यामागचा हेतू. निवृत्तिवेतन निधींच्या नियामकाने त्याच वर्षी मर्यादित प्रमाणात ए श्रेणीच्या रोख्यांना वाट करून दिली. उंबरठा खाली येण्याची चिन्हे दिसू लागली होती.

आणि धक्का बसला तो अगदी वरच्या मजल्यावरून. आयएल अँड एफएस ही १९८७ मध्ये स्थापन झालेली संस्था. आयुर्विमा महामंडळ आणि स्टेट बँक तिच्या भागधारकांत. जम्मू-काश्मीरमधील चेनानी-नाशरी बोगद्यासारखी कामे समूहाच्या नावावर. उपकंपन्यांची संख्या तीनशेहून अधिक. ऑगस्ट २०१८ च्या आरंभापर्यंत तिच्या रोख्यांना एएए मानांकन होते. सप्टेंबरच्या मध्यास ते डी झाले. जी शिडी उतरायला एरव्ही वर्षे लागावीत ती सहा आठवड्यांत संपली. १ ऑक्टोबरला केंद्र सरकारने संचालक मंडळ बदलले तेव्हा समूहावरील कर्जाचा आकडा ९० हजार कोटींच्या पुढे होता.

या रोख्यांत अनेक कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधींचा पैसा होता. विश्वस्तांनी नियम मोडला होता काय? मुळीच नाही. नियमाने जे अक्षर मागितले होते त्याहून दोन पायऱ्या वरचे अक्षर त्यांनी घेतले होते. येथेच या व्यवस्थेचे दुखणे आहे. दारावर अक्षर तपासले की आत येणाऱ्याचा चेहरा पाहण्याची गरज कोणालाच वाटेनाशी होते. उपकंपन्यांचे जाळे, दीर्घ मुदतीच्या प्रकल्पांना अल्प मुदतीची कर्जे आणि वाढत जाणारा व्याजाचा बोजा या गोष्टी ताळेबंदात अगदीच अदृश्य होत्या असे नव्हे. शिवाय मानांकनाचे शुल्क रोखे काढणारी कंपनीच देते. परीक्षार्थ्यानेच परीक्षकाची फी भरावी, असा हा प्रकार. सेबीने या प्रकरणी तीन मानांकन संस्थांना डिसेंबर २०१९ मध्ये प्रत्येकी २५ लाख रुपयांचा दंड केला आणि २०२० मध्ये तो एक कोटीपर्यंत वाढवला.

त्या सप्टेंबरातील दुसरी घटना किमतींच्या दृष्टीने अधिक शिकवणारी आहे. २१ तारखेला डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीचा कर्जकागद एका फंडाने सुमारे ११ टक्के परताव्याने विकल्याची वार्ता आली आणि त्या दिवशी कंपनीचा समभाग ४० टक्क्यांहून अधिक कोसळला. कंपनीचे मानांकन तेव्हा सर्वोच्च श्रेणीचे होते. ते हलले पुढच्या वर्षी, आणि जून २०१९ मध्ये डी वर पोहोचले. बाजाराने आपला बट्टा आधीच ठरवला होता. भाव अक्षराच्या पुढे धावतो, पण नियमाची सक्ती अक्षर बदलल्यावरच जागी होते. या दोहोंमधल्या महिन्यांत ज्यांना कळते ते हळूहळू बाहेर पडतात आणि ज्यांच्यासाठी अक्षर हाच पुरावा असतो ते आत राहतात.

त्यानंतर सेबीने मानांकन संस्थांवरील बंधने वाढवली. प्रत्येक श्रेणीसाठी एक, दोन व तीन वर्षांत थकबाकीचे प्रमाण किती असू शकते याचे मापदंड २०१९ मध्ये आखून देण्यात आले. कंपनीकडे रोख तरलता किती आहे याविषयी स्पष्ट विधान करणे भाग पडले. कंपनी माहिती देत नसेल तर मानांकन गुपचूप थांबवण्याची पूर्वीची सोय २०१६ पासूनच बंद झाली होती; आता ‘सहकार्य न करणारी’ असा शिक्का त्या मानांकनाशेजारी छापला जातो.

ग्राहकापर्यंत

हा सारा विषय एके काळी मोठ्या संस्थांपुरता होता. खासगी वितरणाच्या रोख्याचे दर्शनी मूल्य दहा लाख रुपये असताना सामान्य ठेवीदाराचा त्याच्याशी संबंध येत नसे. जानेवारी २०२३ पासून ते एक लाखावर आणि २०२४ मध्ये काही अटींसह दहा हजारांवर आणण्यात आले. रोखे विकणाऱ्या ऑनलाइन मंचांनाही सेबीने नोव्हेंबर २०२२ मध्ये नियमांच्या चौकटीत आणले. मुदत ठेवीची पावती घेऊन शाखेत येणारा ग्राहक आता काउंटरवर विचारतो, की ठेवीवर इतके आणि त्या रोख्यावर तीन-चार टक्के अधिक, असे का? सोबत कागदावर ‘ए उणे’ किंवा ‘बीबीबी अधिक’ असे काही छापलेले असते, आणि बहुधा ‘गुंतवणूकयोग्य श्रेणी’ हे शब्द ठळक असतात.

ते शब्द खोटे नसतात. मात्र ग्राहकाला हे सांगितले पाहिजे, की ज्या रोख्याच्या दारात भविष्य निर्वाह निधी येऊ शकत नाहीत आणि विमा कंपन्या क्वचितच येतात, तो रोखा त्याच्याकडे आला आहे. वाढीव परताव्याचा एक भाग थकबाकीच्या जोखमीचा, दुसरा भाग मध्येच पैसे लागल्यास गिऱ्हाईक न मिळण्याचा. मुदत ठेव मोडता येते, दंड पडतो तो साधारण एक टक्क्याचा. शिवाय पाच लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण असते. रोख्याला यातले काहीच नाही. पाच वर्षे ज्या पैशाला हात लावावा लागणार नाही, असा पैसा असेल तर हा दुसरा भाग ग्राहकाच्या पदरात निव्वळ लाभ म्हणूनही पडू शकतो. संस्थांना मज्जाव आहे म्हणून स्वस्तात मिळणारी वस्तू ज्याला मज्जाव नाही त्याने घेण्यात गैर नाही. पण मुलीच्या लग्नासाठी किंवा शस्त्रक्रियेसाठी राखलेला पैसा असेल तर तेच चार टक्के फार महाग पडतात.

विचारण्याजोगे प्रश्न थोडे आहेत. मानांकन किती संस्थांनी दिले आहे, आणि ते एकसारखे आहे काय? तारीख कोणती? अक्षरापुढे ‘स्थिर’ लिहिले आहे की ‘नकारात्मक’? आणि संस्थेच्या संकेतस्थळावरील निवेदनात एक परिच्छेद असतो, सेबीच्या नियमामुळे आता तो द्यावाच लागतो : कोणत्या परिस्थितीत हे मानांकन खाली येईल, याचा. कर्जाचे प्रमाण अमुक पातळीपुढे गेले, वसुली तमुक टक्क्यांखाली आली, प्रवर्तकांनी भांडवल घातले नाही, अशी कारणे तेथे नावानिशी लिहिलेली असतात. पुष्कळदा तो परिच्छेद पाच-सहा ओळींचाच असतो आणि विक्रीच्या रंगीत माहितीपत्रकात तो बहुधा नसतो; तो मागून घ्यावा लागतो.